आधी परतफेड, मग पापमुक्ती

१५४५ सालचा उपवासकाळ. आजच्या मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, चियापास प्रांतात, सिउदाद रेआल नावाचं स्पॅनिश वसाहतवाल्यांचं छोटं गाव होतं. ईस्टरपूर्वी धर्मगुरूसमोर गुडघे टेकून पापं सांगायची, पापमुक्ती घ्यायची आणि मगच ख्रिस्तप्रसादाला जायचं, हा प्रत्येक कॅथलिक घरातला शिरस्ता. त्या वर्षी मात्र गावातल्या मातब्बर मंडळींना पापमुक्ती मिळेना. नुकताच रुजू झालेला साठीचा बिशप बार्तोलोमे दे लास कासास याने हुकूम काढला होता की, ज्याच्या घरी इंडियन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, गुलाम आहेत त्याला पापमुक्ती नाही. त्याने बहुतेक धर्मगुरूंचा तो अधिकारच काढून घेतला. चर्चच्या डीनने हुकूम धाब्यावर बसवून काही जणांना मोकळं केलं, तेव्हा बिशपने त्याला पकडून आणायला माणसं पाठवली. गाव पेटलं आणि हत्यारबंद लोक थेट बिशपच्या घरात घुसले.

पापमुक्तीवाचून मरण म्हणजे नरक, अशी या लोकांची पक्की समजूत होती. त्यामुळे बिशपच्या हाती तलवारीपेक्षा धारदार हत्यार होतं. आणि तो मागत काय होता? अश्रू नव्हे, नवस नव्हे, चर्चला देणगी तर नव्हेच. गुलाम सोडा आणि लुबाडलेलं ज्याचं त्याला परत करा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

ही मागणी त्याने स्वतः शोधून काढली नव्हती. ती ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी होती, आणि तितकीच जुनी तिला बगल देण्याची खटपटही. गोव्यात ज्याला 'कुमसार' म्हणतात त्या पापनिवेदनाच्या विधीत तिघे असतात: पाप करणारा, ऐकणारा धर्मगुरू आणि क्षमा करणारा देव. ज्याला दुखावलं, लुबाडलं किंवा मारलं तो चौथा माणूस तिथे नसतो. त्याला या हिशेबात कधी आणि किती जागा मिळाली, हे पाहत गेलं की दीड-दोन हजार वर्षांच्या या प्रथेचा खरा इतिहास उलगडतो.

जक्कयचा हिशेब

लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात यरीहोच्या जक्कयची गोष्ट आहे. हा मुख्य जकातदार. रोमन सरकारसाठी कर वसूल करायचा आणि जाता जाता आपलीही तुंबडी भरायची, अशी या पेशाची ख्याती. बुटका जक्कय गर्दीत येशू दिसावा म्हणून झाडावर चढला. येशूने त्याला नावाने हाक मारली आणि आज तुझ्याच घरी उतरणार म्हणून सांगितलं. लोक कुजबुजले: पाप्याच्या घरी पाहुणचार! येशूने जक्कयला एका शब्दानेही जाब विचारला नाही. तरी जक्कय उठला आणि म्हणाला की, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करतो.

यातला आकडा महत्त्वाचा आहे. यहुदी धर्मशास्त्रात मेंढरू चोरून मारलं किंवा विकलं तर चौपट भरपाई होती. पण स्वतःहून गुन्हा कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर एक पंचमांश दिला तरी भागत असे. जक्कयला ही सवलत घेता आली असती. त्याने आपणहून चोराचा दर लावून घेतला. आधी प्रेमाचा पाहुणचार, मग परतफेड, असा या गोष्टीचा क्रम आहे. पुढच्या शतकांतल्या धर्मशास्त्र्यांनी क्रम बराचसा उलटा केला, पण परतफेडीची अट मात्र कायम ठेवली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीनने एका पत्रात नियमच घालून दिला: परत करता येत असूनही लुबाडलेली वस्तू जो परत करत नाही त्याचा पश्चात्ताप हा देखावा आहे आणि त्याचं पाप माफ होत नाही. मध्ययुगीन धर्मकायद्यात हे सूत्र पायाचा दगड होऊन बसलं.

सुरुवातीच्या चर्चमध्ये प्रायश्चित्त चारचौघांत होत असे. खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा मोठ्या पापांसाठी माणूस प्रायश्चित्त घेणाऱ्यांच्या वेगळ्या रांगेत जाई. आशिया मायनरमध्ये त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या: काही दाराबाहेर रडत उभे, काहींना आत फक्त प्रवचन ऐकण्याची मुभा, काहींना गुडघे टेकण्याची. ही संधी आयुष्यात एकदाच मिळे, त्यामुळे पुष्कळ लोक ती मरणशय्येपर्यंत राखून ठेवत.

या पद्धतीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण सम्राट थिओडोसियसचं. ३९० साली थेस्सलोनिका शहरात जमावाने त्याच्या सेनापतीला मारलं आणि सूड म्हणून सैन्याने हजारो नागरिकांची कत्तल केली. मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राटाला पत्र लिहून कळवलं की, प्रायश्चित्त झाल्याशिवाय तुझ्यासमोर मी पवित्र विधी करणार नाही. रोमन साम्राज्याच्या धन्याने राजचिन्हं उतरवून सर्वांदेखत अश्रू ढाळले आणि नाताळच्या सुमाराला तो पुन्हा चर्चमध्ये आला. धर्मसत्तेपुढे राजसत्ता नमल्याची ही गोष्ट युरोपात शतकानुशतकं सांगितली गेली. पण ज्या रूपात ती सांगितली जाते त्यात सम्राट आहे, बिशप आहे, अश्रूही आहेत. थेस्सलोनिकाच्या विधवा कुठेच नाहीत.

जखम केली? मग त्याचं शेत तू नांगर

चौथ्या माणसाला दारातून आत आणलं ते आयर्लंडच्या मठांनी. सहाव्या शतकापासून आयरिश भिक्षूंनी खाजगी पापनिवेदनाची प्रथा रुळवली. ते कितीही वेळा करता येई आणि प्रत्येक पापाला ठरलेलं प्रायश्चित्त असे. त्यासाठी त्यांनी छोट्या नियमपुस्तिका तयार केल्या. ५९०च्या सुमाराला कोलंबानस हा आयरिश मठाधिपती गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, आला आणि त्याच्याबरोबर ही पद्धत युरोपच्या मुख्य भूमीवर पोहोचली.

कोलंबानसच्या नावावरच्या पुस्तिकेतले काही नियम आजही वाचावेत असे आहेत. भांडणात एखाद्याने शेजाऱ्याला जखमी किंवा अपंग केलं तर आधी नुकसानभरपाई. ती देण्याची ऐपत नसेल तर जखमी माणूस अंथरुणात आहे तोवर त्याची कामं यानेच करायची, वैद्यही यानेच बोलवायचा. तो बरा झाला की मग पाव-पाण्यावर ४० दिवसांचा उपास. खुनाचा नियम याहून कडक. तीन वर्षं नि:शस्त्र, पाव-पाण्यावर, परमुलखात काढायची. परतल्यावर मेलेल्याच्या आई-वडिलांकडे जायचं आणि मुलाने करायची ती सेवा करायची.

ज्याने मुलगा मारला त्यालाच अंगणात लाकडं फोडताना रोज बघायचं, हे त्या म्हाताऱ्यांना किती सोसवलं असेल कोण जाणे. पण नियम करणाऱ्याचा विचार स्पष्ट होता. घरातला कमावता हात गेला आहे. देवाची क्षमा तो हात परत आणत नाही. तेव्हा दुसरा हात द्यायला हवा. आयरिश समाजात खुनाच्या भरपाईचा लौकिक कायदा आधीपासून होता. भिक्षूंनी तो उचलून आत्म्याच्या हिशेबाला जोडला.

प्रायश्चित्ताचे दर ठरले की सवलतींचा बाजार भरायला वेळ लागत नाही. लांब उपासाऐवजी स्तोत्रं म्हणा, स्तोत्रांऐवजी दानधर्म करा, अशी अदलाबदल सुरू झाली. दहाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एका नियमावलीत तर धनदांडग्यांसाठी सात वर्षांचा उपास तीन दिवसांत उरकण्याची युक्तीच दिली आहे. आधी १२ माणसांनी तीन दिवस पाव-पाण्यावर राहायचं, मग सात वेळा १२०-१२० माणसांनी तीन-तीन दिवस. बेरीज होते २,५५६ दिवस, म्हणजे लीप वर्षाचा एक दिवस धरून बरोबर सात वर्षं! उपास नोकरांचा, मोक्ष मालकाचा.

सावकाराची कबर

१२१५ साली रोममधल्या चौथ्या लॅटरन परिषदेने ठरवलं की, जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन केलंच पाहिजे. ऐकलेलं फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून जन्मभर मठात प्रायश्चित्त करायला धाडावं, असंही तिथेच ठरलं. सगळा युरोप आता दर वर्षी धर्मगुरूच्या कानाशी येणार होता. त्याच काळात व्यापार वाढत होता, पेढ्या निघत होत्या आणि व्याज घेणं हे चर्चच्या लेखी चोरीच होतं. म्हणजे परतफेड आलीच.

१२७४ च्या ल्याँ परिषदेने नियम केला की, उघड सावकारी करणाऱ्याने घेतलेलं व्याज परत केल्याशिवाय, निदान त्याची हमी दिल्याशिवाय, त्याला ख्रिस्ती दफन मिळणार नाही. इटलीतल्या सावकारांच्या मृत्युपत्रांत मग परतफेडीची कलमं दिसू लागली. ज्यांच्याकडून व्याज घेतलं ते मेले किंवा सापडेनात, तर रक्कम गरिबांना द्यावी, अशी सोय धर्मशास्त्र्यांनी केली. या सोयीचा पुढे भलताच विस्तार झाला. पाडुआचा धनाढ्य एनरिको स्क्रोवेन्यी याचा बाप रेजिनाल्दो नामचीन सावकार होता. दान्तेने त्याला महाकाव्यात नरकात बसवलं. मुलाने चॅपेल बांधून चित्रकार जोत्तोकडून भिंती रंगवून घेतल्या. १३०५ साली ते अर्पण झालं. अंतिम न्यायाच्या चित्रात एनरिको स्वतः गुडघे टेकून चॅपेलची प्रतिकृती मरियेला देताना दिसतो. फ्लॉरेन्सच्या कोझिमो द मेदिचीचं मन पैशाच्या उगमावरून खाऊ लागलं, तेव्हा पोपच्या सल्ल्याने त्याने सान मार्को मठ नव्याने बांधून दिला. जगाला अप्रतिम कला मिळाली. कर्जदारांना काय मिळालं, हा प्रश्न भिंतीवरच्या निळ्या रंगात बुडून गेला.

पुढे पापक्षमापत्रांची विक्री, १५१७ मधला ल्यूथरचा भडका आणि प्रॉटेस्टंट फूट हा इतिहास शाळेच्या पुस्तकांतही सापडतो. त्यानंतर कॅथलिक चर्चने आपलं घर आवरायला घेतलं. मिलानचा आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ याने पापनिवेदनाच्या लाकडी कक्षाची मापं ठरवून दिली: मध्ये फळी, तिला जाळीदार झरोका, एकीकडे धर्मगुरू, दुसरीकडे पापी. चर्चच्या एका बाजूला दिसणारं हे कपाटवजा आसन असं सोळाव्या शतकातलं आहे. पापाची बातचीत आता दोन माणसांच्या कुजबुजीपुरती राहिली.

झेवियरच्या सूचना

याच शतकात ही प्रथा गलबतांतून गोव्यात उतरली. जेझुइट संघाचा धर्मगुरू फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्याला पोहोचला. १५४९ च्या एप्रिलमध्ये जपानकडे निघण्यापूर्वी त्याने होर्मुझला जाणाऱ्या गाश्पार बार्झेउस या सहकाऱ्यासाठी लांबलचक सूचना लिहून ठेवल्या. होर्मुझ म्हणजे पोर्तुगीजांच्या जकातीचं मोठं ठाणं. अंमलदार, कारकून, व्यापारी सगळे हात ओले करून घेणारे. झेवियरने बार्झेउसला बजावलं की, तू कुणाचं देणं लागतोस का, असं मोघम विचारू नकोस. प्रत्येक जण नाही म्हणेल, कारण इथली लबाडी इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणाला लबाडी वाटतच नाही. धंदा कसा करतोस, खरेदी कशी करतोस, विक्री कशी, पदाचा वापर कसा, हे एकेक खोदून विचार, मग देणं आपोआप बाहेर येईल.

पुढचा सल्ला त्याहून व्यवहारी. माणूस पापं सांगून मोकळा झाला की लगेच पापमुक्ती देऊ नकोस. दोन-चार दिवस विचार करायला लाव. नंतर करीन म्हणून जे कबूल करतो ते आधी करून घे, कारण एकदा मोकळा झाला की तो शब्द पाळत नाही. ज्याचा पैसा तो माणूस सापडत नसेल तर रक्कम मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेकडे सोपव, स्वतः वाटत बसू नकोस. वसुली अधिकाऱ्याला शोभावा असा हा सल्ला एका संताचा आहे.

पण या हिशेबाची कक्षाही पाहायला हवी. याच झेवियरने पोर्तुगालच्या राजाकडे इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची, मागणी केली होती आणि १५६० मध्ये ते गोव्यात आलं. तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमारासच पाडली गेली होती. व्यापारातल्या लबाडीची परतफेड काटेकोर मोजली जात होती. पाडलेल्या देवळांची परतफेड कुणाच्या मनातही आली नव्हती. कुणाला दुखावलं म्हणजे पाप, हे ठरवण्याचा अधिकार सत्तेकडेच होता.

नोटरीला बोलवा

ही कक्षा ओलांडायचा प्रयत्न लास कासासने केला, आणि तो स्वतः निर्मळ हातांचा नव्हता. १५०२ मध्ये तो हिस्पानियोला बेटावर आला, क्युबात त्याला जमिनीबरोबर इंडियन वेठबिगारही मिळाले. तो धर्मगुरू झाला तरी वेठबिगारी सुरूच होती. १५११ च्या डिसेंबरात आंतोनियो दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन भिक्षूने सांतो दोमिंगोत वसाहतवाल्यांना भर चर्चमध्ये फैलावर घेतलं होतं. वेठबिगार बाळगतो म्हणून एका डॉमिनिकनाने लास कासासलाही पापमुक्ती नाकारली होती. १५१४ मध्ये प्रवचनाची तयारी करताना, लुबाडलेल्या मालाचं अर्पण देवाला चालत नाही अशा अर्थाचा बायबलमधला उतारा त्याच्या वाचनात आला. त्याने आपले वेठबिगार सोडले आणि पुढची पन्नास वर्षं दुसऱ्यांनी सोडावेत म्हणून झगडत राहिला.

चियापासच्या दंग्यानंतर त्याने पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी १२ नियम लिहिले. कॉन्किस्तादोर (मुलूख जिंकणारे स्पॅनिश लढवय्ये), वेठबिगारांचे मालक आणि त्यांना शस्त्रं विकणारे व्यापारी असे त्याने गुन्हेगारांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गातला माणूस मरणाच्या दारात असेल तर धर्मगुरूने आधी सरकारी नोटरीला बोलवायचं. आजाऱ्याने दस्त करून द्यायचा: माझ्याकडे जे आहे ते सारं इंडियन लोकांकडून लुटलेलं आहे, ते परत करण्याचा पूर्ण अधिकार मी या धर्मगुरूला देतो. गुलाम तत्काळ सुटले पाहिजेत, त्यांची माफी मागितली पाहिजे, त्यांच्या कष्टाचा मोबदला मिळाला पाहिजे. मुलाबाळांना वारसा नाही. मिळालं तर दयेपोटी पोटापुरतं. सही झाली की मग पापं ऐकायची.

झरोक्यातली कुजबुज लास कासासने अशी नोटरीच्या वहीत नेऊन ठेवली. साहजिकच स्पेनच्या दरबारापर्यंत खळबळ उडाली. सगळी मालमत्ता लूट असेल तर राजाचा हक्क तरी कायदेशीर कसा? १५४८ मध्ये राजाज्ञेने या नियमांच्या हस्तलिखित प्रती जप्त करण्यात आल्या. तरी १५५२ मध्ये सेव्हिलला ते छापून निघाले. त्याचा परिणाम पेरूपर्यंत पोहोचला. १५८९ साली कुझ्कोत मानसियो सेर्रा दे लेगिझामोन या म्हाताऱ्या कॉन्किस्तादोराने मृत्युपत्रात राजाला उद्देशून लिहिलं की, इन्कांचं राज्य सुव्यवस्थित होतं आणि ते आम्ही नासवलं.

लास कासासच्या खात्यावरही एक मोठं देणं राहिलं. इंडियनांना सोडवण्यासाठी आफ्रिकी गुलाम आणावेत, असं त्यानेच तरुणपणी सुचवलं होतं. म्हातारपणी आपल्या इतिहासग्रंथात त्याने ती चूक लिहून काढली आणि अज्ञानाची सबब देवापुढे चालेल की नाही याबद्दल शंकाही नोंदवली. पण त्या देण्यासाठी त्याने १२ नियम लिहिले नाहीत. ते खातं दुसऱ्यांनी उघडलं. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या क्वेकर पंथीयांनी गुलामगिरीला पाप ठरवलं. डेलावेअरच्या वॉर्नर मिफ्लिनने १७७० च्या दशकात आपले गुलाम मुक्त केलेच, शिवाय फुकट राबवलेल्या वर्षांचा मोबदलाही त्यांना चुकता केला. पापनिवेदनाचा संस्कार न मानणाऱ्या पंथाने परतफेडीचा जुना नियम मात्र पाळला.

२७२ माणसं

नियम शिकवणाऱ्यांवरच नियम लागू झाला तेव्हा काय झालं? १८३८ साली मेरीलंडच्या जेझुइटांनी, म्हणजे झेवियरच्याच संघाच्या अमेरिकी शाखेने, आपल्या मळ्यांवरची २७२ माणसं लुइझियानातल्या मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरला विकायचा करार केला. जॉर्जटाउनचं त्यांचं कॉलेज कर्जात होतं. रोममधल्या संघप्रमुखाने परवानगी देताना अटी घातल्या होत्या: कुटुंबं तोडू नयेत, त्यांना धर्म पाळता यावा, पैसा कर्जफेडीत जाऊ नये. कुटुंबं तुटली आणि पैसा कर्जातही गेला. व्यवहार करणारे प्रांतप्रमुख थॉमस मुलडी यांना पद सोडावं लागलं, तरी कॉलेजातली एक इमारत पुढे त्यांच्या नावाने ओळखली जात राहिली.

विषय वर आला तो २०१५-१६ मध्ये, विद्यार्थ्यांच्या आंदोलनाने आणि वंशजांचा शोध लागल्यावर. १८ एप्रिल २०१७ रोजी जॉर्जटाउन विद्यापीठात क्षमायाचनेचा विधी झाला. विकल्या गेलेल्यांचे वंशज समोर बसले होते. इमारतीचं नाव बदलून आयझॅक हॉकिन्स ठेवलं गेलं. विक्रीच्या यादीत पहिलं नाव त्याचं होतं. २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान घेऊन प्रत्येक सत्राला २७.२० डॉलरची वर्गणी वंशजांसाठी स्वतःवर लावून घ्यायचं ठरवलं. विद्यापीठाने ती वर्गणी लागू न करता वर्षाला सुमारे चार लाख डॉलरचा वेगळा निधी काढला.

ज्यांना दुखावलं त्यांचे वारस मात्र विधीनंतर घरी गेले नाहीत, वाटाघाटींना बसले. मार्च २०२१ मध्ये जेझुइटांनी वंशजांबरोबर उभारलेल्या न्यासासाठी १० कोटी डॉलर उभे करण्याचं जाहीर केलं. वंशजांच्या नेत्यांनी अंतिम लक्ष्य १०० कोटींचं ठेवलं होतं. घोषणेच्या वेळी प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम दीड कोटी होती.